पाय भिजतात तेवढ्यात हात: एकाच बैठकीत मॅनिक्युअर आणि पेडिक्युअर

पार्लरमध्ये नवीन आलेल्या मुलीला मी पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शिकवते: टब भरणं, टॉवेलच्या घड्या घालणं आणि घड्याळ बघणं. पहिल्या दोन तिला पटतात. तिसरी कशासाठी, ते एकटीनं पहिलं ‘मॅनी-पेडी’ करायची वेळ येते तेव्हा कळतं. हातांची नखं छान रंगवून झालेली असतात, आता पाय घेऊ म्हणून ती टब आणायला उठते, आणि नेमका काकूंच्या पर्समधला फोन वाजतो. काकू पर्सची चेन उघडतात. उजव्या अंगठ्याचं नेलपेंट गेलं! पुन्हा रिमूव्हर, पुन्हा बेस कोट, पुन्हा वाळवणं.

दोन्ही एकाच अपॉइंटमेंटमध्ये करायचं म्हणजे आधी एक संपवून मग दुसरं सुरू करायचं, असं नसतं. दोन्ही कामांत हात बांधून बसायच्या वेळा असतात. पाय भिजतात तेव्हा, पॅक वाळतो तेव्हा, नेलपेंट सुकतं तेव्हा. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आपण कणीक मळून घेतो ना, तसं एका कामाच्या थांबण्यात दुसरं काम बसवायचं. सुटं मॅनिक्युअर आणि सुटं पेडिक्युअर मिळून माझे अडीच तास जातात, एकत्र केलं तर पावणेदोन ते दोन. बचत अर्ध्या-पाऊण तासाचीच आहे, आणि ती हात भराभर चालवून होत नाही. नवीन असाल तर पहिली आठ-दहा कामं अडीच तासांचीच धरा.

फोनवर बुकिंग घेतानाच

अर्धं काम इथेच सोपं होतं. तीन प्रश्न विचारा.

पहिला, वॅक्सिंग कधी केलंय किंवा करायचंय? त्याच दिवशी वॅक्सिंग किंवा रेझर फिरवलेले पाय टबात घालू नयेत. केस निघालेल्या जागी बारीक छिद्रं आणि डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनच्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवं उठली होती. शोध घेतला तेव्हा कारण सापडलं मोटरच्या फूटबाथमध्ये: पाणी आत खेचणाऱ्या जाळीमागे केस आणि कातडीचा गाळ साचलेला आणि त्यात मायकोबॅक्टेरियम जातीचे जंतू वाढलेले. येण्याआधी पायांवर रेझर फिरवलेल्या बायकांना धोका जास्त होता. वॅक्सिंग एक-दोन दिवस आधी उरकायला सांगा, नाहीतर नंतर. आणि नवीन पार्लर थाटताना बुडबुडे सोडणाऱ्या महागड्या टबाचा मोह झालाच, तर त्याच्या जाळीमागचा भाग उघडून घासता येतो का ते आधी बघा. मी साधा गुळगुळीत प्लास्टिकचा टब वापरते. दिसायला गरीब, पण धुवायला सोपा.

दुसरा प्रश्न मेंदीचा. लग्नघरातून फोन आला की हा हमखास विचारायचा. स्क्रब आणि गरम पाण्यानं मेंदी फिकी पडते, म्हणून आधी मॅनी-पेडी, मग मेंदी. नवरीला तर मेंदीच्या आदल्या दिवशीच बोलवा. तिच्या हातावर मॉइश्चरायझरचा थर असेल तर मेंदी नीट चढत नाही, म्हणून मेंदीला बसण्याआधी साबणानं हात धुवायला सांगा.

तिसरी गोष्ट कपड्यांची. घट्ट लेगिंग पोटरीवर चढत नाही आणि चढलं तर उतरताना ओल्या नखांना घासतं. सैल सलवार, प्लाझो किंवा साडी नेसून यायला सांगा. पायात उघडी चप्पल हवी, बंद बूट नकोत.

दोन ट्रे

हातांची टूल्स वेगळी, पायांची वेगळी. यात तडजोड नाही. माझ्याकडे पायांच्या निपर (सुटी कातडी कापायची बारीक पक्कड), पुशर (नखाच्या मुळाशी चिकटलेला पापुद्रा सोडवायची काडी), कटरच्या दांड्यांना लाल टेप गुंडाळलेली असते. गर्दीत डोकं चालत नाही, रंग चालतो.

धातूचं प्रत्येक टूल आधी साबणाच्या पाण्यात ब्रशनं घासून, कोरडं करून मग ऑटोक्लेव्हमध्ये. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा कुकरच: आत १२१ अंश सेल्सिअसची वाफ १५ पौंडांच्या दाबाखाली १५ ते २० मिनिटं. घासल्याशिवाय आत टाकलं तर चिकटलेल्या कातडीखालचे जंतू वाचतात. आणि पार्लरांत असतो तो निळ्या दिव्याचा, यूव्ही डबा? तो टूल्स निर्जंतुक करत नाही, निर्जंतुक केलेली झाकून ठेवायला ठीक आहे, एवढंच. प्रकाश पडतो तिथेच त्याचं काम, निपरच्या सांध्यात तो पोचत नाही. पाण्यात डेटॉलचे चार थेंब टाकून त्यात निपर बुडवण्याबद्दल तर बोलायलाच नको. कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस टिकतो.

जे निर्जंतुक होत नाही, ते एका व्यक्तीपुरतंच: कागदी फाइल, लाकडी काडी, नखं घासून चमकवायचा बफर, टबातली प्लास्टिकची पिशवी. काम झालं की फेकायचं किंवा छोट्या पाकिटात घालून त्यांनाच द्यायचं. प्युमिस दगडालाही हाच नियम. घरच्या न्हाणीघरातली वजरी पिढ्यान्‌पिढ्या चालते, पण ती एका घराची असते. पार्लरमधला दगड शंभर घरांचा होतो, आणि त्याच्या प्रत्येक भोकात त्या शंभर घरांचं काहीतरी राहतं.

पहिली दहा मिनिटं: हात लावण्याआधी बघा

खुर्चीत बसवलं की आधी हात आणि पाय दोन्ही उजेडात बघून घ्या. बोटांच्या बेचक्या उघडून बघा. पावसाळ्यात निम्म्या पायांना चिखल्या असतात: पांढरी भिजलेली कातडी, खाज, वास. टबात तो बुरशीचा संसर्ग सगळ्या बोटांना फिरवायचा नाही. नख जाड, पिवळट, भुसभुशीत झालंय, नखुरडं झालंय, नख कडेनं मांसात रुतून लाल झालंय, कुठे उघडी जखम आहे: या सगळ्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवा. संसर्ग पायांपुरताच असेल आणि हात स्वच्छ असतील, तर फक्त मॅनिक्युअर करा आणि तेवढ्याचेच पैसे घ्या. गिऱ्हाईक जाईल ही भीती वाटते, मलाही वाटायची. ज्यांना परत पाठवलं त्यातल्या बहुतेक जणी बऱ्या होऊन परत आल्या.

तळपायाला कुरूप, म्हणजे कातडीची टणक गाठ, असेल तर ते कापायचं नाही. ‘जरा कोरून काढा ना, मागच्या पार्लरवाली काढायची’ असं म्हणाल्या तरी नाही.

मग मधुमेह. भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे, असा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे तुमच्या खुर्चीत त्या रोज बसणार. पण चार जणींसमोर ‘तुम्हाला शुगर आहे का?’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं. हळू आवाजात असं विचारा: ‘काकू, पायाला मुंग्या येतात का? जखम भरायला वेळ लागतो का? रक्त पातळ व्हायची गोळी आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल तर निपर नाही, खरखरीत फाइल नाही, पाणी कोमटच, आणि भिजवणं चार-पाच मिनिटांच्या वर नाही. बधिर पायाला चटका कळत नाही, कापलेलं कळत नाही. त्या ‘काही होत नाही गं’ म्हणतील आणि त्यांना खरंच काही वाटत नसेल, गोची तिथेच आहे. पाय पूर्वीच बधिर असेल किंवा जखमेचा इतिहास असेल, तर नेलपेंट आणि मॉइश्चरायझरपलीकडे जाऊ नका.

पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा दिसल्या तर तिथे मालिश दाबून करायची नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर मालिश अजिबात नाही, आधी डॉक्टर.

आता दागिने. अंगठ्या काढून त्यांच्याच पर्समध्ये ठेवायला सांगा, आपल्या ट्रेमध्ये नको. जोडव्यांचं मात्र विचारून करा. काही जणी सहज काढतात, काही जणींना ते चालत नाही, आणि काहींची वर्षानुवर्षांत निघालेलीच नसतात. जबरदस्ती करू नका. जोडवं थोडं पुढे सरकवून खालची जागा मऊ ब्रशनं साफ करा आणि शेवटी टिश्यूची पट्टी खालून ओढून कोरडी करा. तिथे ओल राहिली की कातडी कुजते, आणि हे काम नव्या मुली हमखास विसरतात. हातात हिरवा चुडा असेल तर बांगड्या वर सरकवून त्यावर रुंद क्रेप बँडेज सैलसर गुंडाळा. मालिश करताना काचेची बांगडी पिचकली तर काय होतं ते मी पाहिलंय.

याच दहा मिनिटांत बाकीचं उरका. रंग निवडणं. बाथरूमला जाऊन येणं. घरी फोन करून ‘दोन तास लागतील’ सांगणं. गाडीची किल्ली पर्समधून काढून बाहेरच्या कप्प्यात ठेवणं. आणि पैसे. हो, पैसे आधी घ्या. सुरुवातीला मला संकोच वाटायचा, आता सरळ सांगते, ‘ताई, नंतर नखं ओली असतात, यूपीआय आत्ताच करून टाका.’ आजवर कोणाला वाईट वाटलेलं नाही.

पाय टबात जाण्याआधी

हात सॅनिटायझरनं पुसून घ्या, त्यांचे आणि तुमचे. मग जुनं नेलपेंट काढा, आधी हातांचं, मग पायांचं. नेहमी स्वच्छ भागाकडून कमी स्वच्छ भागाकडे. रिमूव्हरचा कापूस नखावर दहा सेकंद दाबून ठेवा आणि टोकाकडे एका ओढीत काढा. गडद लाल असेल तर कापसाचा लहान बोळा घ्या, नाहीतर रंग सगळ्या बोटाला पसरतो.

पायांची नखं कोरडी असतानाच कापायची. सरळ रेषेत, बोटाच्या टोकाएवढी. कोपरे गोल करून आत कापले की वाढताना नख मांसात रुततं. कोपऱ्याची धार टोचत असेल तर फाइलनं फक्त बोथट करा. फाइलवर ग्रिटचा आकडा असतो, जितका कमी तितकी ती खरखरीत. नैसर्गिक नखाला १८० किंवा २४० ग्रिटची फाइल पुरते, १०० ग्रिटची खरखरीत फाइल कृत्रिम नखांसाठी असते. भिजलेलं नख मऊ होतं आणि घासताना त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून फाइल आधी, पाणी नंतर. हाच नियम हातांनाही.

मग टब. नवी पिशवी, कोमट पाणी, थोडा सौम्य शॅम्पू. पाणी तुमच्या कोपरानं तपासा, बोटांनी नाही, पार्लरमध्ये काम करून आपली बोटं निबर झालेली असतात. थर्मामीटर असेल तर ३८ अंशांच्या आसपास. लिंबू पिळायची पद्धत सोडा. लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं तर काळे डाग, क्वचित फोडही येतात, आणि मॅनी-पेडीनंतर बाई उघड्या चपलेनं उन्हातच बाहेर पडणार असते.

पाय टबात, हात टेबलावर

इथे घड्याळ बघा. आठ ते दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे.

ग्लव्हज बदला, हात धुवा, लाल टेपचा ट्रे नजरेआड करा. आता हातांची नखं फाइल करायची. कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेनं. करवत चालवल्यासारखं मागेपुढे घासलं की नखाचं टोक दुभंगतं. आकार विचारून घ्या, पण मत द्या. भाकरी थापणाऱ्या, संगणकावर बोटं चालवणाऱ्या, लहान बाळ असलेल्या बाईला टोकदार नखं परवडत नाहीत. फाइल झाली की नखांच्या मुळाशी क्युटिकल क्रीम (तिथला मेलेला पापुद्रा मऊ करणारं) लावून सोडून द्या. पुढची पंचवीस मिनिटं ते क्रीम आपोआप काम करतं.

हळदीनं पिवळी पडलेली नखं दिसली तर घासून पांढरी करायचा हट्ट नको. बफरनं नख पातळ होतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, आज पातळ केलेलं पूर्ण भरून यायला सहा महिने. पायाचं तर त्याच्या निम्म्या वेगानं वाढतं.

टाचा

एक पाय बाहेर, एक पाण्यात. बाहेरचा पाय पुसून मांडीवरच्या टॉवेलवर घ्या. पायांचे ग्लव्हज घाला.

टाच एका दिशेनं, लांब हातानं घासा. फार भिजलेली टाच घासू नका, किती निघालं तेच कळत नाही. गुलाबी दिसायला लागली किंवा हाताला ऊब लागली की थांबा, थोडी जाड कातडी राहू द्या. टाचेवर सगळं शरीर उभं असतं, ती गालासारखी मऊ करायची गरज नाही, आणि फार घासलेली टाच आणखी जाड होऊन परत येते. भेगांच्या कडा फक्त सपाट करायच्या, भेगेत टूल घालायचं नाही. ब्लेडचा स्क्रेपर माझ्या पार्लरमध्ये नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सलूनमध्ये तो वापरायलाच बंदी आहे. आपल्याकडे दुकानात सहज मिळतो म्हणून वापरायचा, असं नसतं.

भेगा खोल असतील तर मिठाचा स्क्रब नको, झोंबतो. बारीक साखरेचा घ्या. माझी सावंतवाडीची मावशी भेगांना भिरंडेल लावायची, कोकमाच्या बियांचं ते घट्ट तेल. दिव्यावर वितळवून टाचेत जिरवायची आणि वर जुने मोजे. पार्लरमध्ये दिवा पेटवत बसत नाही, पण घरी काय लावू, असं विचारणाऱ्यांना मी आजही तेच सांगते. रोज रात्री लावा म्हणते. महिन्यातून एकदा माझ्याकडे येऊन टाचा सुधारत नाहीत.

मग पायांच्या नखांच्या मुळाशी पुशर हलक्या हातानं, स्क्रब, धुणं, आणि दुसरा पाय. दोन्ही झाले की मालिश: बोटांपासून घोट्याकडे, घोट्यापासून पोटरीकडे, जोर वर जाताना, परतताना हात नुसते सरकू द्यायचे. एका पायाला पाच मिनिटं पुरेत. तळव्याला अंगठ्यानं खोल दाब द्या, हलका हात लावला की गुदगुल्या होतात आणि बाई खुर्चीत उडी मारते. शेवटी पॅक लावून पाय प्लास्टिकच्या पिशवीत आणि टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवा.

हे सगळं पंचवीस मिनिटांत बसतं. पहिल्यांदा चाळीस लागतील.

पाय पॅकमध्ये, आता हात

ग्लव्हज काढा. हात साबणानं धुवा, नुसतं सॅनिटायझर नाही. नवे ग्लव्हज, हातांचा ट्रे. पायांवरून उठून थेट हातांना हात लावलेला बाई बघत असते, बोलत नसली तरी.

हातांची बोटं वाटीत तीन मिनिटं पुरेत, क्रीमनं आधीच काम केलेलं असतं. मग पुशर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेक जखमा इथेच होतात. नखाच्या पृष्ठभागाला चिकटलेला पातळ, पांढुरका, मेलेला पापुद्रा म्हणजे क्युटिकल. त्याच्या मागे दिसते ती कातडीची कड जिवंत आहे. ती नखाच्या मुळाचं दार आहे, तिथून जंतू आत जाऊ नयेत म्हणून. पापुद्रा पुशरनं सोडवायचा. कड कापायची नाही. निपर फक्त सुटून लोंबणाऱ्या मेलेल्या टोकाला, तेही कापायचं, ओढायचं नाही.

हे मी शिकले ते चूक करून. साखरपुड्याच्या तीन दिवस आधी एका मुलीचे हात करत होते. ‘एकदम क्लीन करा’ म्हणाली, आणि मी दहाही बोटांची कड निपरनं गोल कापून काढली. दिसायला सुंदर झाले हात. दुसऱ्या दिवशी रात्री तिच्या आईचा फोन, दोन बोटं सुजून ठणकत होती. साखरपुड्यात तिनं अंगठी घालून घेतली ती सुजलेल्या बोटाशेजारच्या बोटात. फोटोत बोटं दिसू नयेत म्हणून सगळे धडपडत होते, असं नंतर कळलं. पैसे परत केले, औषधाचे दिले, ती पुन्हा आली नाही.

रक्त आलंच तर लपवू नका. थांबा, सांगा, स्वच्छ कापसानं दाबून धरा, अँटिसेप्टिक लावा. ते टूल बाजूला, त्या अपॉइंटमेंटमध्ये परत नाही. तुरटीचा सामायिक खडा जखमेवर फिरवायचा नाही, तो आधी कितीजणींवर फिरलाय कोणाला माहीत. त्या बोटाला नेलपेंटही नको.

मग स्क्रब, आणि मालिश मनगटापासून कोपराकडे, तळहात, एकेक बोट. मालिशच्या वेळी गप्पा मारायच्या की नाही ते समोरचीवर सोडा. काही जणी इथेच डोळे मिटतात, त्यांना त्या दहा मिनिटांसाठीच यायचं असतं.

हात पुसून झाले की पायांचा पॅक उघडा, गरम ओल्या टॉवेलनं पुसा, बेचक्या कोरड्या करा. इथे परत ग्लव्हज बदलायचे, हे आता सांगायला नको.

रंग

नेलपेंट सुटण्याचं कारण बाटलीत क्वचितच असतं. मालिशचं तेल नखांच्या कडांत राहतं, त्यावर रंग धरत नाही. प्रत्येक नख रिमूव्हरच्या कापसानं पुसा, कडा काडीला कापूस गुंडाळून पुसा. शिवाय भिजलेलं नख पाणी शोषून किंचित पसरतं आणि वाळताना आकसतं, वरचा रंग तडकतो. म्हणून पाण्यातून काढल्यावर मध्ये मालिशचा वेळ गेला ते चांगलंच झालं.

आधी पाय. बोटांत सेपरेटर, बेस कोट, रंगाचे दोन पातळ हात, टॉप कोट. ब्रश मध्ये एकदा, मग दोन्ही कडांना एकेकदा, कातडीपासून केसभर अंतर ठेवून. शेवटी नखाच्या टोकाच्या धारेवरून ब्रश फिरवा. नव्या मुली एकाच जाड थरात संपवायला बघतात. जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि घरी जाईपर्यंत चादरीचं विणकाम त्यावर उमटतं. दोन थरांमध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. बेस कोट टाळू नका, गडद रंगाचा पिवळेपणा नखात उतरतो. नखाबद्दल थोडीही शंका असेल तर पार्लरची बाटली त्या नखाला लावू नका, त्यांना त्यांची बाटली आणायला सांगा.

पायांचं झालं की त्यांच्या चपला आत्ताच पायात सरकवून ठेवा, पुढून सैल अशा. आणि मग हात. हात रंगवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात पाय वाळतात. उलट केलंत, तर ओल्या हातांनी त्या साडीच्या निऱ्या सावरणार. उजव्या हातानं लिहिणारीचा उजवा हात शेवटी घ्या, तो वळवळतो जास्त.

जेल पॉलिश असेल तर वाळवायचा प्रश्न नाही, दिव्याखाली लगेच कडक होतं. पण न वाळलेलं जेल कातडीला लागू देऊ नका, त्याची ॲलर्जी एकदा झाली की आयुष्यभर सोडत नाही. लागलं तर दिव्याखाली जायच्या आधी काडीनं पुसा.

साधं नेलपेंट हाताला कोरडं लागायला पंधरा ते वीस मिनिटं, आतपर्यंत कडक व्हायला कितीतरी तास. त्या वीस मिनिटांत त्यांना पंख्याखाली बसवा. स्ट्रॉ घालून सरबत द्या, कपातला चहा नको. त्या दिवशी भांडी नाहीत आणि गरम पाण्याची अंघोळ नाही, हे सांगा. भांडी नाहीत म्हटलं की खुर्चीतला चेहरा खुलतो.

दोघी मिळून करणार असाल तर

लग्नसराईत मी हातांना एक आणि पायांना एक अशा दोघी लावते, काम सव्वा तासात होतं. पण मालिश दोघींनी एकाच वेळी करायची नाही. वरून एक लय, खालून दुसरी, बाईला गाडीत बसल्यासारखं होतं. पायांची मालिश चालू असेल तेव्हा हातवालीनं फाइल करावी. ट्रे आणि माणूस दोन्ही शेवटपर्यंत बदलायचे नाहीत.

कॉम्बोचा दर ठरवताना दोन्हींची बेरीज करून त्यातून फक्त वाचलेल्या वेळाचे पैसे कमी करा. शेजारचं पार्लर निम्म्यात देतंय म्हणून निम्म्यात देऊ नका. ग्लव्हजचे तीन-चार जोड, दोन फाइली, टबाची पिशवी, बफर, काड्या, टॉवेलची धुलाई, हे कमी होत नाही. निम्म्या दरात कोणीतरी यातलंच काही वाचवत असतं.

गिऱ्हाईक गेल्यावर

टबाची पिशवी काढून फेका. पिशवी होती म्हणून टब स्वच्छ, असं नाही. साबणानं घासा, धुवा, मग टबासाठीचं जंतुनाशक भरून लेबलवर लिहिलेला वेळ, सहसा दहा मिनिटं, पूर्ण ठेवा. फवारून लगेच पुसलं तर काहीच होत नाही, जंतुनाशकाला ओलं राहून काम करायला वेळ लागतो. टॉवेल गरम पाण्यात, टूल्स ब्रशखाली आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये, खुर्चीचे हात आणि नेलपेंटच्या बाटल्यांची झाकणं पुसून. हे पंचवीस मिनिटांचं काम आहे. म्हणजे ११ वाजता मॅनी-पेडी घेतलं असेल, तर पुढच्या ताईंना १ ची नाही, दीडची वेळ द्या.